उत्तर देणारा माणूस : र. धों. कर्वे

गणित शिकवणाऱ्या माणसाने चरित्रलेख लिहायला घ्यावा, याची आमच्या मराठी विभागातील सहकाऱ्यांना थोडी गंमत वाटली. परंतु ज्यांच्याविषयी लिहायचे ते प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे हेही मूळचे गणिताचेच प्राध्यापक. तेवढ्या नात्यावर हा अधिकार मी उसना घेतला आहे. मात्र रघुनाथरावांकडे मी गणिताच्या वाटेने गेलो नाही. मला तिकडे नेले ते माझ्या थोरल्या वहिनीने. म्हणून आधी दोन शब्द घरचे.

माझे गाव तिगाव. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्णे सोडले की ते लागते. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आमचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, आणि तेव्हापासून आमच्या घरात मराठी व कचेरीत हिंदी असा संसार चालू आहे. ज्या महाविद्यालयाच्या एकाच नियतकालिकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग शेजारी शेजारी बांधलेले असतात, तेथील विद्यार्थ्यांना हा संसार अधिक समजावून सांगायला नको.

तिगावच्या आसपास संत्र्याचे बगीचे आहेत. आमचाही एक लहानसा आहे. थोरले बंधू गेल्यावर त्याचा भार वहिनीवर पडला. त्याच वर्षी पुतणी शिक्षणासाठी पुण्याला गेली. भरल्या घरात वहिनी एकटी पडली. तिचे जेवण तुटले, झोप गेली. बोलणे तर इतके कमी झाले की आम्हांला तिचा आवाज ऐकायला फोन दोनदा करावा लागे. पुढे नागपूरच्या एका डॉक्टरांनी तिला एका क्लिनिकल सोशल वर्कर बाईंशी जोडून दिले. त्या बाई नागपुरात, वहिनी तिगावात. आठवड्यातून एकदा पाऊण तास दोघी मोबाइलच्या पडद्यावर समोरासमोर बसून बोलतात. घरात माणसांची ये-जा असते, म्हणून वहिनी त्या वेळी बगीच्यात जाऊन बसते.

हे मला कळले तेव्हा मी रागावलो, हे कबूल केले पाहिजे. घरचे दुःख परक्या बाईला, तेही यंत्रातून, सांगायचे? आम्ही माणसे मेलो होतो काय? वहिनीने शांतपणे सांगितले की घरच्यांना सांगितलेला शब्द घरातच राहतो आणि जेवताना, सणावारी, भांडणात पुन्हा समोर येतो. बाईंना सांगितलेला शब्द बाईंपाशी राहतो. मला यावर उत्तर सुचले नाही. त्या सुट्टीत एका जुन्या ग्रंथालयात रघुनाथरावांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे काही बांधीव अंक हाती आले, आणि माझ्या रागाचे उत्तर मला तेथे मिळाले.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणात मुरूड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये, आई राधाबाई बाळंतपणात वारल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, अण्णासाहेबांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. गोदूबाई म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. या विवाहामुळे मुरूडच्या मंडळींनी अण्णासाहेबांवर बहिष्कार घातला. अकरा वर्षांच्या मुलाने पाहिलेला समाज तो असा होता. बाळंतपणात बाई गेली तर त्याला दैव म्हणून गप्प बसणारा, आणि विधवेने पुन्हा कुंकू लावले तर खवळून उठणारा. पुढे रघुनाथरावांनी जे केले त्याचे बीज मला या दोन वर्षांत दिसते.

मुलगा बुद्धीने तल्लख होता. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर त्यांनी गणिताच्या अध्यापनाचा पेशा पत्करला. पहिले महायुद्ध संपल्यावर ते पॅरिसला गेले व तेथे गणिताचा उच्च अभ्यास केला. फ्रेंच भाषा त्यांना उत्तम अवगत होती. युरोपात लैंगिक जीवनाविषयी जे शास्त्रीय लेखन होत होते, ते त्यांनी मुळातून वाचले. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून त्यांचे बस्तान बसले होते. मान होता, पगार होता, निवृत्तीपर्यंतची वाट आखलेली होती.

ती वाट त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी. हिंदुस्थानातील असे हे पहिलेच केंद्र समजले जाते. १९२३ मध्ये त्यांचे संततिनियमनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. महाविद्यालय ख्रिस्ती मिशनऱ्यांचे. प्राध्यापकाने गर्भप्रतिबंधाचा उघड प्रचार करावा, स्त्रीलाही कामसुखाचा पुरुषाइतकाच हक्क आहे असे लिहावे, हे चालकांना मानवणारे नव्हते. प्रचार तरी सोडा नाहीतर नोकरी तरी, असा प्रसंग आला. १९२५ साली रघुनाथरावांनी नोकरी सोडली. पुढची अठ्ठावीस वर्षे त्यांनी ओढाताणीत काढली. त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी त्या ओढाताणीत त्यांना अखेरपर्यंत साथ दिली. मूल होऊ द्यायचे नाही असा निर्णय उभयतांनी घेतला होता. लोकांना उपदेश करताना आपण स्वतः त्याच्या बाहेर राहायचे, हा प्रकार त्या घरात नव्हता.

जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू झाले. नोव्हेंबर १९५३ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षांहून अधिक काळ, ते चालले. संपादक, लेखक, व्यवस्थापक सगळे एकच. मुखपृष्ठावर बहुधा नग्न स्त्रीचे चित्र असे. नग्नता आणि अश्लीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांचे मत त्यांनी अशा रीतीने प्रत्येक अंकाच्या दारावरच लावले होते. यामुळे अंक घरात उघडपणे ठेवणे कठीण झाले व वर्गणीदार फारसे वाढले नाहीत. व्यवहार म्हणून पाहिले तर हा हट्ट होता. पण व्यवहार पाहायचा असता तर ते विल्सन महाविद्यालयातच राहिले असते.

या मासिकात लेख होते, परीक्षणे होती, वादविवाद होते. ब्रह्मचर्य हाच संततिनियमनाचा मार्ग असे मानणाऱ्या महात्मा गांधींशीही त्यांचा मतभेद होता. अमेरिकेतील संततिनियमनाच्या चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या, तेव्हा त्याही महात्माजींचे मत बदलू शकल्या नाहीत. सारा देश ज्यांच्या शब्दावर चालत होता, त्यांच्याविरुद्ध एका लहानशा मासिकातून लिहीत राहणे सोपे नव्हते.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते मासिकातील प्रश्नोत्तरांचे सदर. वाचक पत्राने आपली अडचण कळवीत आणि रघुनाथराव अंकातून उत्तर देत. तारुण्यात पदार्पण करताना एकांतात लागणाऱ्या सवयींची धास्ती, समलिंगी आकर्षण, लग्न ठरले पण शरीराविषयी काहीच माहिती नाही अशी भीती, पतिपत्नींमधील न जुळणे, मुले पुरे झाली पण उपाय ठाऊक नाही अशी काकुळती. यांतील एकही प्रश्न त्या काळचा मुलगा बापाला विचारू शकत नव्हता. वैद्याला विचारावा तर वैद्य गावचा, आणि संध्याकाळी तो चावडीवर बसणार. गुरुजींना विचारावा तर छडी. राहता राहिला मुंबईतला एक अनोळखी प्राध्यापक, ज्याने आपला चेहरा पाहिलेला नाही आणि आपण ज्याचा पाहिलेला नाही. पोस्टाच्या पाकिटात घालून माणसे आपले जगणे त्याच्याकडे पाठवीत.

येथे मला माझ्या वहिनीचे बोलणे आठवले. दुरून बोलणे म्हणजे अर्धवट बोलणे, असे मी समजत होतो. या पत्रव्यवहारात दूरपणामुळेच माणूस मोकळा झालेला दिसतो. समोर नातेवाईक नाही, उद्या दारात भेटणारा शेजारी नाही, म्हणून तो खरे लिहितो.

रघुनाथरावांच्या उत्तरांची रीतही पाहण्यासारखी आहे. ती आखूड असत. विचारणाऱ्याला पापी ठरवणे त्यांत नसे. जे शास्त्राला ठाऊक आहे ते ते सांगत, जे ठाऊक नाही तेथे तसे मान्य करीत. अमुक सवयीने शक्ती जाते, वेड लागते, अशा समजुती त्या वेळी छापील पुस्तकांतूनही पसरवल्या जात, आणि त्यांवर औषधे विकणाऱ्यांचा धंदा चाले. रघुनाथरावांच्या चार ओळींनी एखाद्या तरुणाची वर्षानुवर्षांची झोप त्याला परत मिळाली असेल.

ही उत्तरेच त्यांना न्यायालयात घेऊन गेली. पहिला खटला १९३१ मधला. व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल अश्लीलतेचा आरोप ठेवून त्यांना शंभर रुपये दंड झाला. दुसरा खटला १९३४ चा, आणि तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल. या खटल्यात रघुनाथरावांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तोवर गोलमेज परिषदांतून ते देशभर माहीत झाले होते आणि त्यांच्यासमोर कामांचा डोंगर होता. तरीही एका अप्रिय माणसाची अप्रिय बाजू त्यांनी हाती घेतली. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. असले विकृत प्रश्न छापावेच का, अशी शंका न्यायासनाकडून आली, तेव्हा विकृती असलीच तर ती ज्ञानानेच जाईल, मग प्रश्नाला उत्तर देण्यावाचून मार्ग कोणता, असा त्यांचा प्रतिवाद होता. खटला ते हरले. दोनशे रुपये दंड झाला. नोकरी सोडलेल्या माणसाला दोनशे रुपये ही लहान रक्कम नव्हे. पुढच्या महिन्यात प्रश्न आले, आणि उत्तरेही छापली गेली.

रघुनाथरावांना देव्हाऱ्यात बसवण्याचा माझा हेतू नाही. त्यांना स्वतःलाच ते आवडले नसते. सुप्रजननाच्या ज्या कल्पना त्या काळी युरोपात प्रतिष्ठित होत्या, त्यांची छाप त्यांच्या विचारांवरही होती. आज त्या कल्पना आपल्याला घातक वाटतात. त्यांची लेखणी कोरडी होती. शंका फेडण्यात ती पटाईत, पण दुःखाच्या शेजारी नुसते बसून राहणे तिला जमत नसे. शिवाय चार ओळींच्या पत्राला चार ओळींचे उत्तर, एवढाच तो संबंध. उत्तर वाचल्यावर त्या माणसाचे पुढे काय झाले, हे कळण्याची सोय नव्हती. आणखी एक उणीव अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवली आहे. 'समाजस्वास्थ्य'ला पत्रे लिहिणारे बहुतांशी मध्यमवर्गीय पुरुष होते. स्त्रीच्या सुखाचा हक्क मांडणाऱ्या मासिकापर्यंत स्त्रीची लेखणी फार थोडी पोचली. तिला लिहिता यावे, तिकिटाला पैसे असावेत, पत्र कोणी फोडू नये, एवढ्या साध्या गोष्टी तिच्या हातात नव्हत्या. आमच्या तिगावातील एखाद्या विधवेने त्या काळी मुंबईला पत्र टाकायचे ठरवले असते तर ते तिला कोणाकडून तरी लिहून घ्यावे लागले असते. मग गुपित ते काय राहिले!

या उणिवा भरून काढणारी दुसरी एक परंपरा रघुनाथरावांच्या हयातीतच मुंबईत सुरू झाली होती. १९३६ साली नागपाड्याला क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची शाळा निघाली. पुढे १९४४ मध्ये तिला टाटा सामाजिक विज्ञान संस्था हे नाव मिळाले. दुसऱ्याला आधार देणे हे केवळ सद्भावनेचे काम नव्हे, त्याचे शिक्षण घ्यावे लागते, ही गोष्ट तेथे प्रथम पद्धतशीरपणे मांडली गेली. ऐकायचे कसे, गुप्तता पाळायची कशी, स्वतःचे मत दुसऱ्यावर न लादता त्याला त्याच्या पायावर कसे उभे करायचे, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तेव्हा डॉक्टरांकडे कधी पाठवायचे, हे सगळे त्या शिक्षणात येते. वहिनीच्या नागपूरच्या बाई या परंपरेतल्या. त्या औषध देत नाहीत. पहिल्याच महिन्यात त्यांनी मनाच्या चौकशीबरोबर खसऱ्यावर नाव चढले का, बँकेचे पुस्तक कोणाकडे आहे, बगीच्याचा सौदा कोण ठरवतो, मुलीशी बोलणे कधी होते, हेही विचारले. आम्हां शिकलेल्या माणसांपैकी कोणीही वहिनीला हे विचारले नव्हते. दुःख डोक्यात असते तसे ते सात-आठ कागदांतही अडकलेले असते, हे त्या बाईंना ठाऊक होते. पती गेल्यावर बाईच्या जगण्याची सारी मांडणीच बदलते. ती नवी मांडणी तिची तिला लावता यावी, एवढ्यासाठी हा पाऊण तास असतो.

रघुनाथरावांच्या अखेरच्या काळात एक विचित्र योग आला. १९५२ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ज्या कामासाठी या माणसाची नोकरी गेली आणि ज्याच्या प्रचारासाठी त्याने जन्म वेचला, ते आता सरकारी धोरण झाले. त्याचे श्रेय मागायला ते कोठे गेल्याचे माझ्या वाचनात नाही. मालतीबाई त्यांच्या आधीच गेल्या होत्या. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव निवर्तले. नोव्हेंबरचा अंक अखेरचा ठरला. वडील अण्णासाहेब त्या वेळी पंचाण्णव वर्षांचे होते. त्यांना पुढे १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले आणि १९६२ पर्यंत ते जगले. पित्याची महती देशाने डोळ्यांसमक्ष ओळखली. पुत्राला मात्र वाट पाहावी लागली. २००१ मध्ये अमोल पालेकरांनी 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला, त्यानंतर पुष्कळांना हे नाव नव्याने कळले.

आज प्रश्न विचारायला पाकीट आणि तिकीट लागत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस सेवा सुरू झाली आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की कोणत्याही वेळी प्रशिक्षित माणूस बोलायला मिळतो, आणि मराठीत व कन्नडमध्येही मिळतो. बंगळूरची निम्हान्स संस्था या कामाची सूत्रे सांभाळते. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार घेणाऱ्याच्या गुप्ततेचा हक्क मान्य केला आहे. साधने आली, कायदा आला. आमच्यासारख्यांची जुनी नजर मात्र तशीच आहे. वसतिगृहातला एखादा विद्यार्थी असा फोन करताना दिसला तर आपण काय म्हणतो, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासून पाहावे. मी तपासले, आणि मला लाज वाटली. १९३४ साली प्रश्न विकृत आहेत असे म्हणणाऱ्यांत आणि वहिनीवर रागावणाऱ्या माझ्यात फरक फक्त काळाचा होता.

यंदा पोळ्याला मी तिगावला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार, त्यामुळे घर पाहुण्यांनी भरलेले. वहिनीचा फोनचा वार नेमका तोच आला. मी तिला काही न विचारता आधीच बगीच्याकडे गेलो आणि बांधावर बसून राहिलो. दोन पाहुणे त्या बाजूला निघाले होते. त्यांना मी जाम नदीकडची वाट दाखवली. पाऊण तासाने वहिनी झाडांतून बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिले आणि चहा घेणार का, भाऊजी, असे विचारले. कित्येक महिन्यांनी तिने आपण होऊन काही विचारले होते. मी हो म्हटले.